समोरची टिकटिक

१

माझी मुलगी पिंकी शाळेतून रिक्षानं परत यायच्या आत एक डाव संपवायचा, असं मी त्या आठवड्यात ठरवून टाकलं होतं. जेवणं उरकली आणि सासूबाई आडव्या झाल्या की चहाचा कप घेऊन मी वरच्या खोलीत जायची. नवरा, सुमित, दिवसपाळीला रांजणगावच्या कारखान्यात. घरात शांतता. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा तेवढा आवाज, आणि वारा इकडचा असला तर शिरूरच्या एसटी स्टँडवर पुकारलेल्या गाड्यांची नावं.

मी इथं एका पतसंस्थेत नोकरीला आहे. बुद्धिबळ शिकवलं हनुमंतमामांनी. ते दौंडला रेल्वेत होते, आता निवृत्त झालेत. जिल्ह्यात महिलांमध्ये यंदा मी पहिली आले, म्हणून दौंडच्या क्लबनं मला एका प्रदर्शनी सामन्याला बोलावलं होतं. माणूस विरुद्ध कॉम्प्युटर. त्याच्या सरावासाठी मी आठवडाभर रजा घेतली होती.

प्रोग्रॅम सत्यजीतचा. शिरूरचाच मुलगा, पुण्यात नोकरी करतो. लॅपटॉपवर टाकून द्यायला स्वतः घरी आला होता.

"ताई, बाकीचे प्रोग्रॅम नुसत्या चाली शोधतात," तो म्हणाला. "हा तुमचा वेळही बघतो. कुठं घाई करता, कुठं अडखळता, ते शिकून घेतो. मग तुम्हाला उत्तर लगेच हवं असतं तिथं मुद्दाम रेंगाळतो. दमलेल्या असाल तिथं झटक्यात खेळतो."

"म्हणजे रडीचा डाव."

"माणसं हेच करतात की."

त्याचं खोटं नव्हतं. माझी दुखरी नस वेळेतच आहे. घड्याळात थोडी मिनिटं उरली की माझा हात थरथरायला लागतो, आणि जिंकत आलेला डाव हातचा जातो. म्हणून मी सराव स्क्रीनवर न करता मामांच्या लाकडी पटावर करायची. शेजारी त्यांचं जुनं चावीचं घड्याळ, दोन तोंडांचं. चाल झाली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं, की आपलं थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. लॅपटॉपवर त्याची चाल दिसली की त्याच्या वतीनं मीच मोहरा हलवायची आणि त्याचं बटण दाबायची. समोर वेताच्या बैठकीची एक रिकामी खुर्ची, आणि तिच्या पाठीमागं रस्त्याकडची खिडकी.

त्या घड्याळाच्या दोन बाजूंचे आवाज सारखे नाहीत. माझ्या बाजूची टिकटिक जड आहे. समोरची हलकी, कोरडी, कुणी नखानं टिचक्या माराव्यात तशी. जिन्यात उभं राहूनही कळतं, वेळ कुणाचा चाललाय ते.

२

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी त्याचा घोडा मारला. उत्तर एकच होतं, प्याद्यानं माझा मोहरा मारायचा. लहान पोरही न विचार करता ते खेळलं असतं. तो मात्र थांबला. स्क्रीनवरचा छोटा गोल फिरत राहिला.

युक्ती मला कळत होती. मी तिथं बसून चुळबुळत राहावं, आपल्या हातून काय सुटलंय ते शोधत राहावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हटलं, बस तू विचार करत. मी खाली चहा ठेवायला गेले.

पातेल्यात आलं ठेचून टाकलं. वरून हलकी टिकटिक येत होती. गिरणी बंद होती, त्यामुळं स्वच्छ ऐकू येत होती. साखर घालायला डबा उघडला आणि वर खट् असं वाजलं. टिकटिक जड झाली.

मी डबा हातात धरून उभी राहिले. सासूबाई पुढच्या खोलीत घोरत होत्या. जिना स्वयंपाकघरातूनच वर जातो. माझ्या नजरेआडून कुणी जाऊच शकत नव्हतं.

वर गेले तेव्हा पटावर काळ्या प्याद्यानं माझा मोहरा मारलेला होता. मेलेला मोहरा पटाच्या बाजूला, समोरच्या खुर्चीकडं, नीट उभा करून ठेवलेला. स्क्रीनवर अजून गोल फिरत होता. मी खुर्चीत टेकले, आणि मग स्क्रीनवर चाल उमटली. तीच.

माणूस स्वतःची समजूत घालायला किती पटकन शिकतो. उत्तर एकच असल्यानं खाली जाताना मीच ती चाल करून ठेवली असणार, असं मी म्हटलं. हाताला सवय असते. आणि बटण? जुनं घड्याळ, स्प्रिंग सैल झाली असेल. मी चहा प्यायले आणि डाव पुढं खेळले. फक्त मेलेले मोहरे मी नेहमी डबीत आडवे टाकते, हे तेवढं विसरायचं ठरवलं.

३

संध्याकाळी सत्यजीतला फोन केला. म्हटलं, तुझा प्रोग्रॅम फार वेळ घेतो.

"फार म्हणजे?"

"चहा उकळेपर्यंत."

तो म्हणाला, "ताई, एका चालीला मिनिटाच्या वर थांबायची परवानगीच नाही त्याला. लॅपटॉप गरम होत असेल. पंख्याखाली ठेवा."

मी पंख्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सासूबाई समाजमंदिरात कुणाच्या तरी साखरपुड्याला गेल्या होत्या. मी दाराला आतून कडी लावून वर गेले. डाव चांगला चालला होता. मधोमध प्याद्यांची गर्दी झाली होती आणि ती कशी फोडायची याचा मी विचार करत होते. माझी चाल होती. जड टिकटिक चालली होती. मला वाटलं, पाचेक मिनिटं गेली असतील.

मग खालून सासूबाईंची हाक आली. दार वाजवत होत्या.

मी जाऊन उघडलं. त्यांच्या कडेला पिंकी, तोंड लालबुंद, दप्तर पाठीवर तसंच.

"अगं, पोरगी उन्हात बसलीया पायरीवर," सासूबाई म्हणाल्या. "रिक्षावाला कवाच सोडून गेला म्हनं. झोप लागली व्हती का तुला?"

मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दुपार टळून गेली होती. मी पिंकीला जवळ घेतलं. तिचं डोकं तापलेलं होतं.

"हाक मारायची ना, बाळा."

"मारली की," ती म्हणाली. "तू खिडकीतनं बघितलंस. मग हात केलास ना, थांब म्हणून." तिनं तळवा उभा धरून दाखवला. "मग मी थांबले."

मी तिला पाणी दिलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. ती लगेच खेळायला लागली. मला मात्र बसावं लागलं. मी खिडकीपर्यंत गेलेच नव्हते. माझी खुर्ची भिंतीला आहे. तिथून रस्ता दिसत नाही. तो दिसायला पटाच्या पलीकडं जाऊन, समोरच्या खुर्चीत बसून मागं वळावं लागतं.

४

डाव तसाच सोडला. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. घड्याळाची दोन्ही बटणं सारखी केली, म्हणजे दोन्ही बाजू थांबतात. खोलीला बाहेरून कडी घातली. सुमितला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "सामन्याचं टेन्शन आहे तुला. दोन दिवस खेळूच नकोस." मलाही ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

सकाळी सासूबाई वर झाडून आल्या.

"ती खुर्ची खिडकीकडं तोंड करून कशाला ठिवली?" त्यांनी विचारलं. "आन् ते घड्याळ बंद कर की. डोकं उठतंय."

मी जिन्याखाली जाऊन कान दिला. जड बाजू. माझा वेळ चालला होता. वर जायचा धीर झाला नाही.

त्याच सकाळी मी भाकऱ्या करत होते. एक भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. पुढचं आठवतं ते सासूबाईंनी माझा हात जोरात ओढला तेव्हाचं. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. भाकरीचा कोळसा झाला होता आणि माझं उजवं बोट तव्याच्या काठाला टेकलेलं होतं. मी ते उचललं नव्हतं. मला कळलंच नव्हतं. मधला वेळ कुठं गेला ते मला आजही सांगता येणार नाही. वर टिकटिक चालू होती.

सासूबाईंनी बोटाला मध लावला. नखाच्या मागं अर्धचंद्रासारखा लाल व्रण उठला. तेवढ्यात मामांचा फोन आला. सरावाची चौकशी करायला ते रोज करायचे.

"गौतमे, खेळतीयस का आता?"

"नाही मामा. स्वयंपाक करतेय."

"मग घड्याळ कुणाचं चालू हाय?"

मी जिन्याकडं पाहिलं.

"मला ऐकू येतंय. माझं घड्याळ हाय ते, मी वळखतो. जड बाजू चाललीया. म्हंजी तुझी चाल हाय."

फोन माझ्या कानाला होता, घड्याळ वर बंद खोलीत. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मधेच रडू आलं. 

"मी तो डाव सोडून दिलाय, मामा."

"तू सोडलास," ते म्हणाले. "समोरच्यानं कुठं सोडलाय? थांब, मी येतो. पहिली गाडी धरतो."

५

मामा आले तेव्हा गिरणी नुकतीच बंद झाली होती. वीज गेली होती. मामांचे गुडघे गेलेले, जिना चढणं शक्य नव्हतं. ते स्वयंपाकघरात जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि पिंकीला त्यांनी मांडीवर घेतलं. मी डाव कुठवर आलाय ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मधली प्यादी फोडायची म्हणत व्हतीस?"

"हो. फोडली की माझा हल्ला सुरू होतो."

"आन् घाई बी सुरू व्हती. त्याला तीच पायजे. फोडू नको. प्यादं पुढं सरकव आन् समदं अडकवून टाक. भिंत घाल. मंग तुझा हत्ती नुसता हिथनं तिथं ने, तिथनं हिथं आण. समोर मशीन असू दे न्हाईतर आनिक कोन. ज्याला नुसतं बसवत न्हाई, त्याचं घड्याळ पडतं."

माझं घड्याळ आधी पडलं, म्हणजे माझाच वेळ आधी संपला, तर काय, हे मी विचारलं नाही. 

सासूबाईंनी तांदळाचा डबा काढला. त्यांनी ताटात तांदूळ ओतले आणि ताट माझ्या हातात दिलं. "निवडत बस," त्या म्हणाल्या. "हाताला काम आसलं की जीव थाऱ्यावर ऱ्हातो."

मी वर गेले. खोलीत ऊन भरून राहिलं होतं. खुर्ची पुन्हा पटाकडं तोंड करून होती. लॅपटॉप कपाटात, मी तो काढलाही नाही. घड्याळाकडं पाहिलं. माझ्या बाजूचा काटा लाल झेंडीला लागला होता आणि झेंडी वर उचलली गेली होती. ती पडली की संपलं. समोरच्या बाजूला अजून पुष्कळ वेळ होता.

मी बसले, प्यादं पुढं सरकवलं, बटण दाबलं. टिकटिक हलकी झाली. मी मान खाली घालून तांदूळ निवडायला लागले.

थोड्या वेळानं लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज आला. खट्. टिकटिक जड झाली. मी बघितलं. काळा उंट हलला होता. मी हत्ती एक घर डावीकडं नेला, बटण दाबलं, पुन्हा तांदळात बोटं घातली. खडा निघाला. तो खिडकीकडं टाकायचा होता, पण मी मान वर केली नाही. ताटाच्या काठावर ठेवला.

खट्. हत्ती उजवीकडं. खट्. हत्ती डावीकडं.

आधी तो फार भराभर खेळत होता. माझा हात बटणावरून निघतो न निघतो तोच त्याची चाल व्हायची. मला धाप लागत होती. मनात येत होतं, कधीतरी एकदा फोडून टाकावं, जे व्हायचं ते होऊ दे. हीच ती घाई. मी तांदूळ बघत राहिले. खालून मामांचा आवाज येत होता, ते पिंकीला रेल्वेच्या इंजिनांची काहीतरी गोष्ट सांगत होते. तिचं हसू मधेमधे ऐकू यायचं.

मग चाली सावकाश यायला लागल्या. प्याद्यांची भिंत पक्की बसली होती. त्याला जायला वाट नव्हती आणि मी वाट देत नव्हते. एकदा काळा घोडा पुढं आला आणि पुढच्या चालीला परत गेला. एकदा समोरची खुर्ची करकरली, कुणी बैठक बदलावी तशी.

आणि मग हलकी टिकटिक थांबेचना. चाललीच. ताटातले तांदूळ निवडून संपले. मी ते बोटांनी पसरले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

तरीही चाल आली नाही, तेव्हा मी नजर थोडी उचलली. पटाच्या पलीकडच्या कडेपर्यंत, त्याच्या वर नाही.

काळ्या हत्तीवर एक बोट टेकलेलं होतं. नखाच्या मागं अर्धचंद्रासारखा लाल व्रण. बोट थरथरत होतं. हत्ती उचलावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. हत्तीचं बूड पटावर कडकड वाजत होतं.

ती थरथर माझी होती. मी ती किती स्पर्धांमध्ये पाहिली आहे, माझ्याच मनगटाखाली. सत्यजीत म्हणाला होता, हा शिकतो. सगळंच शिकला होता तो.

मला वाटलं होतं मी किंचाळेन. पण उलट माझा हात एकदम शांत झाला. समोरच्याला आता काय होतंय ते या जगात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?  चार चाली दिसतात आणि चारही चुकीच्या वाटतात. मी नजर खाली घेतली आणि तांदळात बोट फिरवत बसले. मला काही करायचंच नव्हतं.

टक्.

झेंडी पडली. समोरची.

टिकटिक थांबली. मी मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. फक्त तिची वेताची बैठक खाली दबलेली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती सावकाश, एकेक पट्टी करकरत, वर आली.

६

मी जिना उतरून आले आणि खालच्या पायरीवर मामांच्या शेजारी बसले.  मामांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"पडलं?"

"पडलं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि सासूबाईंना म्हणाले, "पार्वतीबाई, च्या टाका आता. मला बी जरा जास्त साखर घाला."

वीज आली. गिरणी घरघरायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि वर जाऊन आल्याला जेवढा वेळ झाला असं मला वाटत होतं, तेवढाच झाला होता. त्या दिवसानंतर वेळ कुठं गळाला नाही. महिना झाला, मी लक्ष ठेवून आहे. खोलीत आता पिंकी अभ्यास करते. घड्याळ मामांनी त्याच दिवशी पिशवीत घालून नेलं. म्हणाले, "झाडून-पुसून बघतो." काय दिसलं ते मला अजून कळलेलं नाही.

दौंडचा सामना रविवारी सकाळी झाला. हॉलमध्ये बरीच माणसं होती. सत्यजीत समोर बसून कॉम्प्युटरच्या चाली पटावर करत होता. चाली वेळेवर येत होत्या, कुठं रेंगाळणं नाही. मी हरले, पण शेवटच्या मिनिटात हात स्थिर होता, आणि उठताना मला हसू येत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ते वेळेचं काढून टाकलं मी," सत्यजीत मोहरे गोळा करता करता म्हणाला. "काहीतरी बिघडलं होतं, ताई. गेल्या आठवड्यापासून डाव अडकला की घाबरल्यासारखा व्हायचा. चालच करायचा नाही. स्वतःचा सगळा वेळ घालवून हरायचा."

"बरं केलंस काढलंस ते," मी म्हणाले.

दुपारच्या एसटीनं मी आणि पिंकी परत निघालो. न्हावऱ्याच्या अलीकडं उसाचा एक ट्रॅक्टर उलटला होता. रस्ताभर ऊस, दोन्हीकडं गाड्यांची रांग. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. लोक कुरकुरायला लागले, कुणी खाली उतरून फोन लावत होतं. मी खिडकीतून एका बाईकडून उकडलेल्या शेंगा घेतल्या.

"मम्मी, किती वेळ लागेल?" पिंकीनं विचारलं.

"माहीत नाही. लागू दे."

तिनं शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि माझ्या खांद्याला टेकली.

"मला घोडा कसा चालतो ते सांग. घरी गेल्यावर सांग."

"घरी कशाला, इथंच सांगते," मी म्हणाले, आणि काचेवर साचलेल्या धुळीत बोटानं चौकटी काढायला लागले.